एवढंच म्हणालो, लोह कमी आहे

मुलगी बघायला जायचं आणि पोहे खात गप्प बसायचं, ही रीत ज्या कुणी काढली ना, त्याने माझा घात केला. स्पष्ट सांगतो. अहो, बी.एस्सी. झालो, शाळेत सायन्स शिकवतो, फळ्यावर कॅल्शियम, फॉस्फरस, लोह लिहून लिहून बोटं पांढरी झाली, आणि समोर साक्षात उदाहरण बसलेलं असताना मी काय पोह्यांचं कौतुक करू?

तुम्हाला सांगतो, अंबरनाथ पश्चिमेला मुलीच्या वडिलांचं, दिनानाथरावांचं घर, कारखान्यात ऑफिसर माणूस. आमच्या अण्णाकाकांनी वाटेतच बजावलेलं, "आवडली तर मान हलव, नाहीतर 'कळवतो' म्हण. मधलं काही बोलू नकोस." वृंदा आली. स्वयंपाकघरातून बैठकीत, ते अंतर ते काय, पण तेवढ्यात तिला धाप लागली. नखं पांढरी, ओठ फिके... आणि त्या फिक्या चेहऱ्यावरचे डोळे... काय सांगू, मी मनात हो म्हणून मोकळा झालो. पण हिला आधी बरं वाटायला हवं, नाही का? म्हणून विचारलं, "पाटीवरची पेन्सिल खाता का हो?"

अहो, लोह कमी पडलं की खडू-माती खावीशी वाटते, पुस्तकात आहे हे. ती खाली बघत म्हणाली, "कधीकधी." झालं. मी उठलो आणि तिची खालची पापणी ओढून बघितली. पांढरीफटक. लोह कमी आहे, एवढंच म्हणालो मी.

अण्णा कानाशी, "अरे, बैलबाजारात आलायस का?" तिची आई, माई, "नापसंत असेल तर तसं सांगावं, आमच्या मुलीला आजारी ठरवू नये." आता बघायच्या बैठकीत दुखण्याचं नाव काढलं की तो नकार, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? मी सांगतोय, अहो नकार नाही, राजगिरा! राजगिऱ्याची भाजी द्या, लोखंडी कढईत करा... ऐकेल तर शपथ. एकटी वृंदा हसली. म्हणाली, "दुसरी पापणी राहिली."

तेव्हापासून झोप नाही हो.

पण लोह कमी होतं ना? ते कसं सोडणार? आमच्या मांजर्लीची विठाबाई नदीकाठी भाजी लावते, अंबरनाथला दारोदार विकते. तिला म्हटलं, त्या घरी रोज राजगिऱ्याची घसघशीत जुडी घाल, वर लिंबू फुकट, तुझं नुकसान मी बघतो, माझं नाव काढू नकोस. आणि संध्याकाळी मी तिच्या वाटेवर उभा. दार कुणी उघडलं? तिनेच? अंगावर पातळ कोणतं होतं? धाप लागत होती? विठाबाई म्हणायची, "मास्तर, मी भाजी इकते, नाडी नाय बघत." पण सांगायची. आज जिना भरभर उतरली. आज काहीतरी गुणगुणत होती... त्या एका गुणगुणण्यावर मी आठवडा काढायचो. ठरवलंच होतं, गालावर लाली आली की दिनानाथरावांपुढे जाऊन उभा राहायचं आणि म्हणायचं, बघा, लोह कमी आहे, एवढंच म्हणालो होतो मी, आता राग सोडा आणि मुलगी द्या.

काल विठाबाई रिकामी टोपली घेऊन आली. मी विचारलं, "गाल?"

"लालेलाल झाल्यात, मास्तर. तुमच्या पाल्याचा गुन. कल्यानवाल्यांनी बघताबघताच पसंत केली पोर. आता पंगतीला पाला नको, वांगी आन म्हनलेत."