स्टॅबिलायझरचे पेढे

गतवर्षी मार्गशीर्षातील एका सकाळी, कोल्हापुरातील इलेक्ट्रॉनिक्स उत्पादक संघाच्या सभेपूर्वी, संघाचे अध्यक्ष बाळासो आणि तपासणी-प्रयोगशाळेचे चालक अंबादास यांचे हे संभाषण दाराशी कानी पडले.

“अंबादास, लॅबला कुलूप घालतोस म्हणं?”

“माल तपासायला सगळी पुण्याला जात्यात. संघानं हात दिला तरच चालंल.”

“माझा पयला स्टॅबिलायझर आठवतोय?”

“न आठवून काय! नापास केला, तर वयनी मला चहा दीनात.”

“आन् सुधारून पास झाला तवा, पोरगं मॅट्रिक झाल्यागत गल्लीभर पेढं वाटलं की तिनं!”

“मला दोन जास्त दिलतं.”

“आज ठराव मांडतोय. संघाचा सगळा माल तुझ्याकडंच तपासायचा.”

“आन् अध्यक्षांचाच नापास झाला तर?”

“तर नापास.”