ऑस्ट्रेलियातले पक्षी

अरे, ऑस्ट्रेलियातल्या पक्ष्यांनी मला किती भजी आणायला लावली, सांगू? मोहोपाड्याच्या कॉलनीत आम्ही रविवारी इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ खेळायचो. हरेल त्यानं भजी आणायची. शेजारचे गायकवाड भलतेच शब्द लावायचे. अर्थ विचारला, की म्हणायचे, "ऑस्ट्रेलियातला पक्षी!" शंका घेतली, तर तरातरा घरी जाऊन डिक्शनरी बघून यायचे. "हाय, डिक्शनरीत हाय! आणा भजी!"

एकदा मी त्यांच्या बायकोकडं, वहिनींकडं, ती डिक्शनरी मागितली.

"ती दिवाळीपासून माझ्या भावाकडं हाय, भिसेगावला."

"मग गायकवाड खेळ सोडून घरी येतात ते?"

"पाणी पितात नि जातात."

पुढच्या रविवारी मी हाताला लागली ती अक्षरं ओळीनं लावली.

गायकवाड उसळले, "हे काय रं?"

म्हटलं, "पक्षी. पाणी प्यायला घरी जातो."