फक्त कानासाठी

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर विराजमान आमचे व्यवस्थापकसाहेब, सत्कारमूर्ती ताई, छापखान्यातले माझे सोबती आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

"चार शब्द गोड बोला" असं मला बजावलंय. पण मी पडलो प्रुफं तपासणारा. चूक दिसली की खूण करायची, ही जन्माची खोड.

ताईंनी आपल्याकडच्या औषधांची लेबलं मांडली. त्यांचा एक लाडका टाइप होता. जुन्या वळणाचा, ठळक. उभ्या रेघा भरदार, आडव्या बारीक आणि प्रत्येक टोकाला छोटासा पाय. त्या पायाला आमच्या धंद्यात सेरिफ म्हणतात. ताई तो फार जपून वापरायच्या. म्हणायच्या, "अख्खं लेबल यात लावलंत तर वाचणाऱ्याचा जीव घुसमटेल. एकच ओळ द्या, पण ती कोणाच्या नजरेतून सुटता कामा नये."

कानात घालायच्या थेंबांवर ती ओळ होती : फक्त कानासाठी.

मग नव्या रूपाची टूम निघाली. साहेब म्हणाले, "ताई, हे औषध आहे की कोर्टाची नोटीस? जरा नाजूक करा की."

"खोकं नाजूक करा, रंग बदला. या ओळीला हात लावू नका."

हात लागला! ताई रजेवर असताना ओळ केसाएवढी बारीक झाली, तीही करड्या रंगात. काय देखणी दिसत होती म्हणता! पण वाचायची कोणी?

माझ्या आईला ती दिसलीच नाही. तिने ते थेंब डोळ्यात घातले. ती कशी ओरडली ते सांगत नाही, समारंभ आहे.

ताई दवाखान्यात आल्या. आई म्हणाली, "माझंच चुकलं गं. म्हातारपण, दुसरं काय!" ताईंचा चेहरा लालबुंद झाला. "तुमचं काही चुकलं नाही, मावशी. आम्ही चुकवलं."

दुसऱ्या दिवशी त्या तडक औषध कंपनीच्या मालकीणबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. बाटली पुढे केली. "चष्मा काढा आणि वाचा." बाईंना वाचता येईना. दुकानांतला सगळा माल परत आला, ती ओळ पुन्हा ताईंच्या टाइपात लागली. आईचा डोळा वाचला, पण त्या बाजूने अंधूक दिसतं ते दिसतंच.

आणि ताईंना काय मिळालं? साहेबांचा सवाल, "मला डावलून गिऱ्हाइकाकडे गेलातच कशा?" नोकरीची मुदत शिल्लक असताना सुचवण्यात आलं, "आता आराम करा." सुचवण्यात आलं म्हणजे काय, टेबल दुसऱ्याला देऊन टाकलं! आणि आज फुलं देऊन याला आपण निवृत्ती म्हणायचं? मी नाही म्हणणार.

ताई, तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, त्यांचाही मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात काही अधिकउणं झालं असेल तर आपण सर्वांनी सांभाळून घ्यावं. साहेबांची क्षमा मात्र मी मागत नाही. त्यांनी माझ्या आईची मागावी. ती तिसऱ्या रांगेत, खिडकीशी बसली आहे.