वाळूतली अंडी

हॅलो?… कोण, धाकटी?… हो, आत्ताच आलो किनाऱ्यावरून. बूटही काढले नाहीत अजून.

दम नाही लागला गं. असाच येतोय आवाज.

तुला कोणी सांगितलं?… पोस्टातल्या बाईंनी? त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही… हो, पाहणी झाली. साहेब म्हणाले, पक्ष्यांची घरटी मोडलीत, कालवांच्या, त्या शिंपल्यांच्या शेतीला परवाना मिळणं कठीण.

अभिनंदन नको. अगं, ऐक ना.

हो, गावच्या सभेत बोललो मी. 'माझी बायको गेली, तिनं जपलेले पक्षी तरी राहू द्या.' टाळ्या पडल्या… तू रडलीस, पाहिलं मी. म्हणून तर आज तोंड वर करवत नाही.

घरटी कालवंवाल्यानं नाही मोडली.

मग कोणी म्हणजे… आपल्या भोपळ्यानं.

भोपळ्या गं. तुझ्या ताईचा कुत्रा… नाही, मला नाही, कुत्र्यालाच भोपळ्या म्हणायची ती. हसू नकोस, ऐक.

साहेब वाकून वाळूतली अंड्यांची टरफलं बघत होते, कालवंवाला शेजारीच उभा. मी मागून म्हणतोय, 'बघा, याच्या माणसांनी काय नासधूस केलीये.' तेवढ्यात हा गवतातून आला, शेपूट हलवत. नाकाला अंड्याचा बलक.

साहेबांनी विचारलं, कुणाचा कुत्रा?

…मी? मी गप्प बसलो.

कालवंवालाच बोलला. 'भटका आहे, साहेब.' मग त्यालाच ऐकून घ्यावं लागलं. तुमची माणसं खायला घालतात, म्हणून कुत्री येतात, असं. जाताना मला हळूच म्हणाला, 'वहिनींचा आहे ना. घर कळलं असतं तर साहेबांनी उचलून नेला असता.'

हो… हो… मलाही तेच झालं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

ती असती तर माझी खरडपट्टी काढली असती.

तू पण गप्प राहा म्हणतेस?… अगं, शेती मला अजूनही नको आहे. ओहोटीच्या जागेत बांबू रोवले की ते गवत मरणार, मग पक्षी कुठे जाणार. पण त्यासाठी त्याच्यावर आळ कशाला? खरं बोलून भांडायला हवं होतं.

भोपळ्याला मोकळा सोडतो, कारण… पट्टा सापडत नाही… शोधला की. म्हणजे, नाही शोधला.

कुठे?… स्वयंपाकघराच्या दारामागे? तिथे तिचा रेनकोट आहे.

…कोटाखाली? त्याच खुंटीला?

धर जरा फोन.

…

हो. आहे.

नाही गं, कोट नव्हता काढला. हातच लावला नव्हता त्याला. खिशात बिस्किटांचा चुरा आहे अजून… हो. बरा आहे मी. बोल.

साहेब असतील अजून धक्क्यावरच्या कचेरीत. जातो… फोनवर नको. यालाच घेऊन जातो.

नेला तर?… नेला तर नेला… नाही, तसं म्हणवत नाही. हातापाया पडेन. दंड भरेन. पण जातो.

हा बघ, पट्ट्याचा आवाज ऐकून दारात येऊन उभा राहिला. त्याला वाटलं, तीच आली.

ठेवतो, धाकटे. कुणाचा कुत्रा, असं विचारलं होतं साहेबांनी. सांगायचं राहिलंय.