ताकदीच्या गोळ्या

आई : सिस्टर, एवढंच करा. वर्गात सांगा, उपाशी होती म्हणून चक्कर आली.

सिस्टर : हळू बोला, पडद्यामागे झोपलीय ती. आणि ताई, चक्कर नव्हती ती. हातपाय झटकत होती, डोळे फिरले होते. याआधीही फिट आलीय ना तिला?

आई : लहानपणी. औषध चालू आहे.

सिस्टर : मग शाळेत मला तरी सांगायचं.

आई : एकाला सांगितलं की गावभर होतं. पोरीची जात आहे, सिस्टर. एकदा नाव लागलं की पुसत नाही.

सिस्टर : कळतं मला. पण उपाशी होती म्हणून मी सांगितलं, तर पुढच्या वेळी पोरं काय करतील? तोंडात बिस्कीट कोंबतील. आजच एकजण पाण्याची बाटली तोंडाला लावत होती. मी पोचले, कुशीवर वळवलं, म्हणून निभावलं.

आई : अगं बाई!

सिस्टर : गोळ्या रोज घेते?

आई : म्हणजे काय! मी स्वतः हातावर ठेवते तिच्या.

मुलगी : मी नाही घेत त्या.

आई : उठलीस? काय म्हणालीस?

मुलगी : कुंडीत टाकते. शर्यत झाल्यापासून.

आई : अगं, पण का?

मुलगी : तूच म्हणालीस ना, ताकदीच्या आहेत? मी पहिली आले. म्हटलं, आली की ताकद.

सिस्टर : ताई, आधी खाली बसा. हे घ्या, पाणी प्या. डॉक्टरांशी बोललेय मी, आता इथून थेट तिकडेच जा आणि हे गोळ्यांचं जसंच्या तसं सांगा. पण त्याआधी हिला सांगा. तुमच्याच तोंडून.

आई : बाळा, तुला ना... तुला फिट येते. म्हणजे मेंदूत... मला नाही गं नीट सांगता येत.

सिस्टर : बाई बाहेर गेल्या की वर्गात सगळे एकदम ओरडायला लागतात ना? डोक्यात तसा गोंधळ होतो. गोळी त्यांना गप्प बसवते. ती एकाएकी सोडली, की झाला दंगा सुरू.

मुलगी : मग मी पळायचं नाही?

सिस्टर : पळायचं की. गोळी घेऊन पळायचं.

मुलगी : सिस्टर, माझा स्कर्ट कुणी बदलला?

सिस्टर : मी. ओला झाला होता.

मुलगी : म्हणजे सगळ्यांनी पाहिलं?

सिस्टर : तुझ्या बाकावरच्या मैत्रिणीने सगळ्यांना व्हरांड्यात पिटाळलं. नंतर दाराला पाठ लावून उभी राहिली. सरांनासुद्धा आत सोडेना.

मुलगी : आई, तिला तरी खरं सांगू दे ना.

आई : सांग. सिस्टर, तुम्ही वर्गालाही सांगा, काय करायचं नि काय नाही ते. मीही येईन, मागे उभी राहीन. घरी कसं सांगायचं तेवढं मात्र... तुझ्या आत्यालासुद्धा पत्ता लागू दिला नाही मी इतकी वर्षं.

मुलगी : मग आत्यालाच सांग ना आधी. म्हणजे पुढे तुला कुणालाच सांगावं लागणार नाही.