निखिलची मोठी रायफल

निखिलचं नाव काढलं की आजही माझं तोंड कडू होतं, यार. सायली इथेच, अमेरिकेत वाढलेली, वडिलांबरोबर शिकारीला जाणारी. त्या वर्षी एल्कच्या शिकारीला, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या, ती निखिल आणि मी यांच्यापैकी एकालाच नेणार होती. मी तिला विचारूनच टू सेव्हंटी कॅलिबरची रायफल घेतली.

"गुड चॉइस," ती म्हणाली. "खांद्याला झेपेल तेवढंच घ्यावं."

मी आठवडाभर त्या वाक्यावर जगलो.

निखिल बेलव्ह्यूच्या ऑफिसातला. त्याने त्याहून मोठी थ्री हंड्रेड मॅग्नम आणली. "तुझ्या पिचकारीने एल्क नुसता भिजेल," असं सगळ्यांसमोर म्हणाला.

नेमबाजीच्या रेंजवर माझ्या सगळ्या गोळ्या मधोमध बसल्या. निखिलने एकच झाडली. धक्क्याने रायफलीवरची दुर्बीण कपाळावर आदळली आणि भुवई फाटली. मला वाटलं, आता शिकारीला माझाच नंबर. वळून बघतो तर सायली त्याचं डोकं मांडीवर घेऊन बर्फ लावतेय.

"सायली, माझं टार्गेट बघ ना."

"नंतर रे. आधी कारमधून फर्स्ट एड बॉक्स आण."

आणला. तिच्या हातात दिला आणि निखिलला हळूच विचारलं, "तुझी रायफल जरा देतोस? मलाही एक गोळी झाडायची आहे."