सातव्या टाकीची दोरी

— नाही, सही करणार नाही असं कुठं म्हणालो मी? आधी वाचून दाखवा म्हणालो. तिसरीपर्यंतचं शिक्षण माझं, जोडाक्षर आलं की अडखळतो. तुम्ही वाचा, सावकाश. हं — 'बिअर कारखान्यामुळे ही वस्ती उभी राहिली' — बरोबर आहे. आधी इथं नुसती झुडपं. कारखाना आला, मग आमच्या खोल्या आल्या, मग न्हावी, मग शाळा. सकाळी जव शिजायला लागला की गल्लीभर वास — धुतलेल्या कपड्यांना वास, तान्ह्या पोरांच्या टाळूला वास. पाहुणे नाक धरायचे, आम्हाला कळायचंसुद्धा नाही. हे नाही लिहिलं तुम्ही. असू द्या. पुढं वाचा.

'मॅनेजर साहेबांनी कामगारांना पोटच्या मुलांसारखं सांभाळलं.' — इथं थांबा जरा. पोटचा मुलगा तुम्ही. तुम्हाला कधी टाकीत उतरवलं त्यांनी? — हसताय, पण मी खरंच विचारतोय. तुमच्या वडलांचं नाव वस्तीच्या कमानीच्या दगडावर कोरायचं, त्याखाली जुन्या कामगाराची सही हवी, आणि जुना म्हणावा असा मी एकटा उरलोय. म्हणून तुम्ही माझ्या दारात. मग ऐकावं लागेल थोडं.

आमचं काम टाक्या धुवायचं. माझं आणि दादाचं. बिअर आंबून खाली सोडली की टाकीच्या तळाला चिकट गाळ राहतो, तो आत उतरून झाडूनं खरवडायचा. टाकी दीड पुरुष खोल. आता, बिअर आंबताना एक हवा सुटते — दिसत नाही, आणि जड असते, तळाला बसून राहते पाण्यासारखी. तिच्यात श्वास घेतला की संपलं. म्हणून आमची रीत होती — आधी दोरीला मेणबत्ती बांधून ती तळापर्यंत सोडायची. जळत राहिली तर उतरायचं, विझली तर थांबायचं. कितीही वेळ थांबायचं. दादानंच शिकवलं मला ते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा — मी घाई केली की म्हणायचा, मेणबत्तीला घाई नाही, तुला कसली रे?

त्या उन्हाळ्यात मागणी वाढली. मेणबत्ती विझायची, आम्ही दुपारपर्यंत टाकीच्या काठावर पाय सोडून बसायचो, आणि साहेब वरच्या खिडकीतून बघायचे. एक दिवस खाली आले. म्हणाले, ही दोरी फार लांब आहे, तळाच्या ओल्यात मेणबत्ती विझते, हवा-बिवा काही नाही. हातभर कापा. — हातभरच. तेवढंच बोलले आणि गेले. मग मेणबत्ती कधी विझलीच नाही. कशी विझेल? तळापर्यंत पोचतच नव्हती ती. उभ्या माणसाचं डोकं त्या हवेच्या वर राहायचं, म्हणून आठ-दहा दिवस निभावलं. पण गाळ काही उभ्यानं खरवडता येत नाही, साहेब. वाकावंच लागतं.

सातवी टाकी. दादा वाकला, आणि वर आलाच नाही.

चौकशीला माणसं आली तेव्हा तुमच्या वडलांनी काय सांगितलं माहीत आहे? पिऊन उतरला होता म्हणाले. कपड्यांना वास येतोय बघा म्हणाले. आता बिअरच्या टाकीतून काढलेल्या माणसाला गुलाबाचा वास येईल का? थेंब घेत नव्हता दादा. पगाराबरोबर सगळ्यांना मिळायची ती बाटलीसुद्धा न्हाव्याला देऊन टाकायचा — त्यामुळं न्हावी त्याची दाढी जरा जपून करायचा, बाकीच्यांना सोलायचा. पण कागदावर आलं, मद्यपान करून उतरला. वहिनीला गल्ली बेवड्याची बायको म्हणायला लागली. तिची मुलगी, माझी पुतणी, आता पन्नाशीला आली, अजून बापाचा फोटो लावत नाही घरात. पिणाऱ्याचा कशाला लावू, म्हणते. माझ्याच तोंडावर म्हणते.

तुमचे वडील शेवटी आजारी होते ना, तेव्हा मला बोलावून घेतलं होतं त्यांनी. तुम्ही परगावी होता. गेलो मी. पाणी मागितलं, पाजलं. उशी नीट केली. मग माफी मागितली — ती नाही दिली. तासभर बसलो त्यांच्याकडं बघत, आणि उठून आलो. सांगू का, त्या रात्री मला झोप फार छान लागली.

— काय म्हणालात? सही? हो, आहे ना चौकशीच्या त्या कागदावर साक्षीदाराची सही. माझीच आहे. त्यांनी मला खोलीत नेऊन विचारलं, चौकशीवाले विचारतील दोरी कोणी कापली, तर काय सांगू रे? — मग केली मी सही. कारण दोरी — हुकूम त्यांचा, पण चाकू माझा होता. दादा सुट्टीवर होता त्या दिवशी. तो परत आला तर मी त्याला सांगितलं नाही, रागावेल म्हणून. आणि त्या सकाळी मेणबत्ती मीच सोडली. मीच वरून म्हणालो, पेटलीय दादा, उतर.

असं बघू नका माझ्याकडं. लिहा. मी सांगतो तसं लिहा — इथं एक टाकी धुणारा गुदमरून मेला, तो प्यायलेला नव्हता. दोरी कापायला मॅनेजरनं सांगितलं, कापली मेलेल्याच्या सख्ख्या भावानं. तुमच्या वडलांचं आणि माझं, दोघांची नावं घाला, एकाखाली एक, सारख्या अक्षरांत. पुतणीला तोंडानं सांगायला मला जमलं नाही इतक्या वर्षांत. दगडावर वाचू दे. वाचून मग माझं तोंड बघायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.

पेन का ठेवलं खिशात? वडलांच्या नावाला काळं लागेल — लागेलच. त्याचसाठी तर सांगतोय. माझ्याही लागतंय की, मी कुठं सुटतोय?

बरं. न्या तुमचा कागद. सहीसाठी दुसरा कोणी मिळणार नाही तुम्हाला, आणि मी मरायची वाट बघणार असाल तर सांगून ठेवतो, डॉक्टर म्हणतो छाती अगदी ठणठणीत आहे माझी. मी म्हणतो तसं लिहून आणलंत तर बसा पुन्हा. नाहीतर या दारात येऊ नका. पायरी उंच आहे, बघून उतरा.